नादारी घ्यावी का? अंबडच्या एका वर्कशॉपवाल्याला उत्तर

नादारी, म्हणजे कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घेणं, याबद्दलचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ ४६ वर्षांचे. नाशिकमधल्या अंबडला भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप चालवत होते. काम आटलं आणि दीड वर्षापूर्वी गाळा बंद केला. आता सातपूरला दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, पगार ४२,०००. पत्नी खासगी शाळेत शिकवतात, त्यांचे १८,०००. इंदिरानगरला यांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे, बाजारभावाने ४२ लाखांचा. त्यावर गृहकर्ज १९ लाख, हप्ता २१,०००, त्यातले दोन हप्ते थकलेत. पतसंस्थेचं मशीनसाठी काढलेलं कर्ज ११ लाख, त्याला मेहुणा आणि एक मित्र जामीनदार. दोन पर्सनल लोन मिळून ७ लाख, तीन क्रेडिट कार्डांचे ४ लाख. स्टील पुरवठादाराचे ५ लाख, त्यांना दिलेला चेक वटला नाही आणि केस सुरू आहे. शेवटी एक खासगी सावकार, मुद्दल ३ लाख, महिना पाच टक्के, कोरे चेक त्याच्याकडे. एकूण ४९ लाख. ते विचारतात, "सरळ कोर्टात नादारी जाहीर करू का? परदेशात म्हणे पाच वर्षं जमेल तेवढं भरलं की उरलेलं माफ होतं. आपल्याकडे तसं काही आहे का?"

आहे, पण ते तुमच्या मापाचं नाही. का नाही ते समजलं तर पुढे काय करायचं हेही समजेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिला गोंधळ कायद्याचाच आहे. २०१६ ची दिवाळखोरी संहिता सगळ्यांनी ऐकलेली असते. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी छान व्यवस्था लिहिली आहे. कर्जदाराने परतफेडीची योजना मांडायची, रकमेने तीन चतुर्थांशांहून जास्त धनको (ज्यांचं देणं आहे ते) हो म्हणाले की ती सगळ्यांवर बंधनकारक. तुम्ही परदेशातलं म्हणून जे ऐकलंय त्याच्या जवळचं. पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. तुमचं वर्कशॉप प्रोप्रायटरी होतं, प्रायव्हेट लिमिटेड नव्हतं. म्हणून ते दार तुम्हाला बंद. सिन्नरच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेडच्या डायरेक्टरने बँकेला हमी दिलेली असेल तर त्याला ते उघडं आहे. हमीवर सही करणारे ते वाचत नाहीत, ही वेगळी गोष्ट.

तुमच्या-माझ्यासारख्यांना नाशकात लागू होतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईला १९०९ चा वेगळा आहे. नवी संहिता आली तेव्हा हे दोन्ही रद्द झाले असं लोकांनी धरलं होतं. २०१७ साली केंद्र सरकारने खुलासा केला की नाहीत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा, आण्यांत हिशेब करणारा कायदा आजही जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात चालतो. अर्ज करायला देणं किती हवं? पाचशे रुपये. आकडा १९२० चाच आहे, कुणी बदललेला नाही. (आमच्या आधीच्या पिढीला 'नादारी' म्हटलं की शाळेची फीमाफी आठवते. काही अशील तेवढ्यावरच खूश होऊन येतात. तसं काही नाही.)

आता मुद्द्याचं. देणं किती आहे यावर नादारी ठरत नाही, ते कुठल्या जातीचं आहे यावर ठरते. मी पंचवीस वर्षं या वसुलीच्या खटल्यांत आहे आणि पहिल्या बैठकीत तीनच गोष्टी विचारतो. तारण काय आहे? जामीनदार कोण आहे? आणि तुमच्या नावावर गमवण्यासारखं काय आहे? या तिघांची उत्तरं 'काही नाही, कुणी नाही, काहीच नाही' अशी आली तर नादारी विचार करण्यासारखी. तुमची तिन्ही उत्तरं उलट आहेत.

का ते बघा. नादार ठरवल्याचा आदेश झाला की तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. कोर्टाच्या परवानगीशिवाय साधे धनको नवा दावा लावू शकत नाहीत, जप्तीची दरखास्त पुढे रेटू शकत नाहीत. श्वास घ्यायला जागा मिळते, हे खरं. पण ज्याच्याकडे तारण आहे त्याचा तारण विकून पैसे काढण्याचा हक्क तसाच राहतो. म्हणजे गृहकर्जाची बँक तुमच्या नादारीकडे ढुंकूनही बघणार नाही. हप्ते थकत गेले की बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सर्फेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस येईल आणि मग ताबा. नादारीने फ्लॅट वाचत नाही. वाचत तर नाहीच, उलट बँकेचे १९ लाख वजा जाता त्यात तुमचे जे २३ लाख आहेत तेही रिसीव्हरच्या हाती जातात.

रिसीव्हरने विकलेलं घर आणि मालकाने विकलेलं घर यांच्या किमतीत किती फरक पडतो हे लिलावाला एकदा जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. लिलावाचं घर लोक लिलावाच्याच भावात मागतात.

जामीनदारांचं तर आणखी वाईट. नादार माणसाला कोर्टाने देण्यातून मुक्त केलं तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही, हे त्या कायद्यातच लिहिलंय. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला की तो तुमच्यावर जसा चालतो तसा मेहुण्यावरही चालतो. वसुली अधिकारी दोघांपैकी ज्याचं दार आधी उघडेल तिथे जातो. बहुतेक वेळा ते मेहुण्याचं असतं, कारण त्याची नोकरी पक्की असते आणि पगारावर हात ठेवणं सोपं असतं. तुम्ही नादार होऊन निवांत आणि बहिणीच्या घरात जप्ती, असं दिवाळीच्या फराळाला बसताना चालेल का, याचं उत्तर कायद्यात नाही.

आता तुमचा 'थोडं थोडं भरून बाकी माफ' हा भाग. १९२० च्या कायद्यातही तडजोडीची योजना आहे, कलम ३८. आदेशानंतर तुम्ही प्रस्ताव द्यायचा, कोर्ट धनकोंची बैठक बोलावतं. ज्यांचं देणं शाबीत झालंय आणि जे स्वतः किंवा वकिलामार्फत हजर आहेत, त्यांच्यातल्या संख्येने निम्म्याहून जास्त आणि रकमेने तीन चतुर्थांश लोकांनी मान्य करायला हवं. त्यानंतरही कोर्टाने मंजूर करायचं.

तुमचा हिशेब मांडू. घरात येतात ६०,०००, घरखर्च तुम्ही ३२,००० लिहिलाय. उरले २८,०००, त्यातून हप्ता २१,०००. हातात ७,०००. पाच वर्षं एकही महिना न चुकता भरले तरी ४ लाख २० हजार. बिनतारणाचं देणं १९ लाख, म्हणजे रुपयाला साधारण बावीस पैसे. आणि समोरच्या धनकोला दिसतंय की या माणसाच्या फ्लॅटमध्ये २३ लाख मोकळे आहेत. तो बावीस पैशांना हो का म्हणेल? मी त्याच्या बाजूने उभा असतो तर म्हणू दिलं नसतं.

दुसरी गोम अशी की तुमच्या वागण्यात कायद्याला खटकणारं काही निघालं तर रुपयाला किमान सहा आण्यांची, म्हणजे साडेसदतीस पैशांची, खात्रीलायक हमी दिल्याशिवाय कोर्ट योजना मंजूर करू शकत नाही. १९ लाखांवर ते सव्वासात लाखांच्या आत-बाहेर जातं, महिना जवळपास १२,०००. खटकणारं म्हणजे काय? तीन वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या नसणं. देणं फिटणार नाही हे कळूनही धंदा चालू ठेवणं. फेडण्याची रास्त शक्यता नसताना नवं कर्ज काढणं. तुम्हीच लिहिलंय की दुसरं पर्सनल लोन पहिल्याचे हप्ते भरायला घेतलं आणि शेवटची दोन वर्षं हिशेब 'डायरीत होते'. कोर्टात हे बोलायला लागल्यावर फार अवघड होतं.

मुक्ततेचा अर्ज हा तर नादारीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. आदेशातच मुदत दिलेली असते, तेवढ्यात पक्की मुक्तता मागायची असते. लोक आदेश मिळाला की सुटलो म्हणून पेढे वाटतात. मुदत निघून जाते, नादारीचा आदेश रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. माझ्याकडे असे दोन जण आलेत, दोघांनाही आधीच्या वकिलांनी ती तारीख सांगितली नव्हती. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं, लबाडी करून केलेलं देणं आणि पोटगी यांतून सुटका नाही. नादार ठरल्याचा आदेश राजपत्रात छापतात. मुक्त होईपर्यंत कंपनीचा डायरेक्टर होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. हे तुम्हाला फारसं नडणार नाही, म्हणून सोडतो.

मग करायचं काय? फ्लॅट स्वतःच्या हाताने विका. मला माहीत आहे की हे ऐकायला तुम्ही पत्र लिहिलं नव्हतं. पण गृहकर्जाचे दोनच हप्ते थकलेत, नव्वद दिवस झालेले नाहीत, खातं अजून एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत-बुडीत यादीत, गेलेलं नाही. असा फ्लॅट खरेदीदाराची बँक आनंदाने घेते. तुमच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्यायचं, खरेदीदाराच्या कर्जातून ती परस्पर फिटते, उरलेलं तुमच्या खात्यात येतं. चार महिन्यांनी ताब्याची नोटीस दाराला चिकटली की तोच फ्लॅट तोच खरेदीदार पाच लाख पाडून मागेल. दलाली आणि कर वजा करून बावीसच्या आसपास हातात राहतील. भांडवली नफ्याचा कर किती ते सीएकडून आधी काढून घ्या, नंतर नको.

आणि तुमच्या मित्राने सुचवलेलं ते 'फ्लॅट वहिनींच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाक, मग नादारी घे' हे डोक्यातून काढून टाका. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांतला बिनमोबदल्याचा व्यवहार रिसीव्हर उलटवू शकतो. नादारी घेतली नाही तरी धनको मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली तोच दावा लावू शकतो. शिवाय त्या बक्षीसपत्राने तुमच्या हेतूबद्दल असा कागद तयार होतो जो पुढे प्रत्येक ठिकाणी तुमच्याविरुद्ध वाचला जाईल.

बावीस लाख कुणाला किती? सगळ्यांत आधी पुरवठादार. त्याचे ५ लाख नादारीत गेले असते तरी चेकची फौजदारी केस गेली नसती. दिवाणी देण्यासाठी नुसता पैसा नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. पण चेक न वटण्याचं कलम १३८ वेगळं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ही केस तडजोडीने मिटते, आणि जितक्या लवकर मिटवाल तितका वरचा भुर्दंड कमी. राष्ट्रीय लोकअदालतीला कोर्टाच्या आवारात मांडव पडतो तेव्हा चेकच्या केसेस रांगेने निघतात. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

मग पतसंस्था. मशीन गाळ्यात गंजण्याआधी विका, तुम्ही सांगता तशी पाच लाख किंमत येत असेल तर संस्थेच्या लेखी संमतीने, कारण ते तारण आहे. परस्पर विकलं तर गुन्हा अंगावर येईल. उरलेल्या सहा लाखांवर सामोपचार योजनेत बसतं का विचारा. सहकार खात्याची अशी योजना मुदतीत असली तर संस्थेला व्याजावर सूट देता येते. वसुली दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध दाद मागायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून जे बोलायचं ते आत्ता, नोटीस असतानाच. जामीनदारांचं मोकळीक पत्र वेगळं लिहून घ्या.

सावकाराबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणातली हीच जागा जिथे तुमची बाजू जड आहे. तुम्ही ३ लाख घेतले, महिना १५,००० प्रमाणे तीस महिने भरले. झाले साडेचार लाख. तरी मुद्दल तसंच, असं त्याचं म्हणणं. महाराष्ट्रात २०१४ पासूनच्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. शेतकरी नसलेल्याला बिनतारण कर्जावर परवानाधारक सावकारालासुद्धा वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. अठरा टक्क्यांनी तीन लाखांवर अडीच वर्षांचं व्याज १ लाख ३५ हजार. मुद्दल धरून ४ लाख ३५ हजार. तुम्ही त्याहून पंधरा हजार जास्तच दिलेत! आणि त्याच्याकडे परवाना नसेल तर हा नुसता व्याजाचा प्रश्न राहत नाही, विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना आहे की नाही हे जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात कळतं, तक्रारही तिथेच करायची. पुरावा म्हणजे फोनवरून केलेल्या पैशांच्या नोंदी, बँकेचा उतारा, त्याचे मेसेज. रोख दिलेलं सिद्ध करणं अवघड, पण तुमचे बहुतेक हप्ते फोनवरून गेलेत असं दिसतंय. कोऱ्या चेकांबद्दल बँकेला आजच पत्र द्या आणि तक्रारीत त्यांचे नंबर लिहा. फ्लॅट विकल्याची बातमी लागली की हा माणूस सगळ्यांत आधी दारात येईल, म्हणून तक्रार आधी, विक्री नंतर.

पर्सनल लोन आणि कार्डं शेवटी. त्यांच्याकडे तारण नाही, जामीन नाही, आणि खातं जुनं झालं की त्यांनाच एकरकमी तडजोडीची घाई होते. किती सूट मिळेल हे मी सांगणार नाही, ते बँकेवर, महिन्यावर आणि मार्च जवळ आलाय का यावर असतं. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, रक्कम आणि तारीख लिहून आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. फोनवरच्या मुलाच्या शब्दावर तर अजिबात नाही. सिबिलमध्ये 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' येईल, काही वर्षं कर्ज मिळायला जड जाईल. तुम्हाला सध्या नवं कर्ज मिळू नये हे बरंच आहे. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मोडली तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे तक्रार, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

त्या मोबाइलवरच्या 'कर्जमुक्ती' कंपन्या, ज्यांची जाहिरात तुम्ही सोबत पाठवलीत, त्या हेच काम करतात. फक्त आधी फी घेतात आणि सगळेच हप्ते बंद करा म्हणतात. गृहकर्जाचाही. तुमच्या बाबतीत तो सल्ला म्हणजे आत्महत्याच.

भाड्याच्या घरात गेलात की हप्ता संपतो. १२,००० भाडं धरलं तरी महिना सोळा हजार उरतात, आणि तडजोडी नीट झाल्या तर बावीसातले तीन-चार लाख शिल्लकही राहतील. आज सात हजार उरतात आणि ४९ लाख डोक्यावर आहेत.

नादारी खरंच कुणाला बसते ते एका उदाहरणाने सांगतो. पंचवटीतला एक केटरर, २०२० च्या लग्नसराईत सगळ्या ऑर्डरी गेल्या. राहायला भाड्याची खोली, नावावर भांडीकुंडी सोडून काही नाही. देणं मंडपवाल्याचं, किराणावाल्याचं, एका फायनान्स कंपनीचं, सगळं बिनतारण, जामीन कुणाचाच नाही. दोन हुकूमनामे झालेले, जप्तीची दरखास्त चालू. वह्या मात्र त्याने पैसा न् पैसा लिहून ठेवलेल्या, आणि बुडण्याचं कारण त्याच्या हातातलं नव्हतं. त्याच्यासाठी मी अर्ज केला आणि तो योग्य होता. स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची अवजारं जप्तीतून वगळलेलीच असतात, म्हणजे त्याचं गमवायला काहीच नव्हतं. तुम्हीही फ्लॅट विकल्यावर, जामीनदार मोकळे झाल्यावर, तरी पर्सनल लोनवाले हटून बसले आणि जप्ती आणली, तर तेव्हा पुन्हा हा प्रश्न विचारा. तेव्हा उत्तर वेगळं असू शकेल. फक्त त्याआधीच्या तीन महिन्यांत मेहुण्याला सोडवण्यासाठी एकट्या पतसंस्थेलाच भरलेत असं होऊ देऊ नका. एका धनकोला झुकतं माप दिलं म्हणून ते पैसे रिसीव्हर परत मागू शकतो.

येताना घेऊन या: गृहकर्जाचं ताजं खातेउतारा पत्र, पतसंस्थेची नोटीस पाकिटासकट (पोस्टाचा शिक्का लागतो), चेक केसचे समन्स, तीस महिन्यांचा बँक उतारा, आणि ती डायरी, कशीही असली तरी. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. तुमचं त्याच्या वर जातं, पण महिलांना उत्पन्नाची अट नाही, तेव्हा वहिनी गृहकर्जात सहकर्जदार असतील तर त्यांच्यापुरतं त्या तिथे जाऊ शकतात. आणि मेहुण्याला हे पत्र दाखवा. त्याच्या ऑफिसात वसुली दाखल्याची प्रत पोचण्याआधी.